चाकांवरचं घर आणि चाळीस अंशांचं ऊन

अमेरिकेत मुलांकडे येणारे आपल्याकडचे आई-बाबा बहुतेक वेळा उन्हाळ्यातच येतात. नातवंडांच्या शाळेला सुट्टी असते, दिवस मोठे असतात आणि इंदूरचा मे-जून टळतो, असा दुहेरी हिशोब असतो. आमच्याकडे येणाऱ्यांचा हा दुसरा हिशोब मात्र साफ चुकतो, कारण आम्ही राहतो ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सजवळ. २०२३ साली इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. इथल्या मापात सांगायचं तर ११० फॅरनहाइट. जूनच्या शेवटी रात्री अकरा वाजता अंगणात उभं राहिलं तरी भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ लागते.

अशा दिवसांत आम्ही आई-बाबांना घेऊन मोटरहोमने आठवडाभर फिरून आलो. ‘उन्हाळ्यात, आणि पत्र्याच्या गाडीत राहायचं?’ हा प्रश्न इंदूरहून फोनवर सगळ्यांनीच विचारला. आपल्या मंडळातल्या अनेक घरांतली मुलं आता इकडे आहेत, त्यांच्यापैकी कुणी असा बेत आखत असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं छोटं घर. आमचं भाड्याचं होतं, २५ फूट लांबीचं. आत दोन पलंग, शेगडी, सिंक, फ्रीज, छोटं बाथरूम आणि छतावर एसी. आई-बाबांसाठी ही सोय फार मोठी. बाबांना मधुमेह आहे, ठरल्या वेळी जेवण आणि इन्सुलिन लागतं. गुडघे कुरकुरतात. हॉटेलं बदलत, सामान उपसत फिरण्यापेक्षा स्वतःचं अंथरूण, स्वतःचा संडास आणि आईच्या हातची पोळी बरोबर घेऊन फिरणं केव्हाही बरं.

पण हे घर उन्हाच्या बाबतीत आपल्या घरांच्या अगदी उलट. आमचं इंदूरचं जुनं घर जाड भिंतींचं. दुपारचं ऊन त्या भिंती ओलांडून आत यायला संध्याकाळ होते. मोटरहोमची भिंत जेमतेम दीड-दोन इंचांची. दोन पातळ पत्र्यांमध्ये थर्माकोलसारखा थर, इतकंच. बाहेर तापलं की तासाभरात आत तापतं.

इंजिनिअर असल्यामुळे निघण्याआधी मी कागदावर गणित मांडलं. गाडीचं छत साधारण साडेसात मीटर लांब आणि अडीच मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे १८ चौरस मीटर. भर दुपारी स्वच्छ आकाशातून चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. म्हणजे नुसत्या छतावर १८ किलोवॅट. छतावरच्या एसीची ताकद १३,५०० बीटीयू, आपल्या भाषेत एक टनापेक्षा जरा जास्त, म्हणजे तो आतली जेमतेम ४ किलोवॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. पांढरं छत बरंचसं ऊन परतवून लावतं, काही मधला थर अडवतो. पण भिंती, खिडक्या, पुढची प्रचंड काच, आतली पाच माणसं आणि शेगडी हे सगळं धरलं की एसीची बाजू लंगडी पडते. असा एसी ओढून घेतलेली हवा साधारण दहा अंशांनी थंड करून परत सोडतो. गाडी आधीच ४० अंशांना तापली असेल तर पंख्यातून येणारी हवा ३० ची असते, आणि मग गाडी निवायला रात्र उजाडते.

थोडक्यात, आत आलेलं ऊन बाहेर काढणं या गाडीला झेपत नाही. ते आत येऊच न देणं, हा एकच मार्ग.

बाबांना हे गणित पटलं, कारण ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. पण शेवटी त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलंच, “अगं, आम्ही बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत खांबावर चढलेली माणसं. आम्हाला उन्हाची सवय आहे.” मला खरी काळजी या वाक्याचीच होती. सवय होती ती पस्तीसाव्या वर्षी. आता वय बहात्तर, त्यात रक्तदाबाची गोळी. वयानुसार तहान कमी लागते, आणि काही गोळ्या शरीरातलं पाणी अजूनच कमी करतात. शिवाय इथली हवा इतकी कोरडी, की घाम येतो तो दिसतच नाही. त्वचेवर आला की उडून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच नाही, म्हणजे ठीक आहे. इंदूरला लू लागू नये म्हणून माणूस दुपारी घरात बसतो. मोटरहोममध्ये ते ‘घर’च उन्हात उभं असतं. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं आणि पाण्याचं वेळापत्रक ठरवलं, आणि ते फ्रीजच्या दारावर चिकटवलं.

तयारी फार खर्चिक नव्हती. चांदीसारख्या चकाकणाऱ्या, बुडबुड्यांच्या थराच्या चटईचे तुकडे प्रत्येक खिडकीच्या मापाने कापले. पुढच्या काचेसाठी मोठा पडदा घेतला. ती काच म्हणजे गाडीतलं सगळ्यात मोठं भगदाड. पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावला तर जास्त उपयोग होतो, कारण काचेतून एकदा आत आलेलं ऊन आतच अडकतं. छतात १४ इंची चौकोनी झरोका असतो, त्याच्या आतून बसवायची जाड उशी मिळते, तीही घेतली. चालकाच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यावर पलंग असतो, तो दिवसा पडदा ओढून बंद ठेवायचा. तिथे सगळ्यात जास्त तापतं. नातीला तिथेच झोपायचं होतं, म्हणून ‘सूर्य मावळल्याशिवाय माळ्यावर जायचं नाही’ असा नियम झाला.

आईची तयारी वेगळी होती. भारतीय दुकानातून कैऱ्या आणून पन्ह्याचा गर करून बरणीत भरला, सातू घेतलं, दोन पातळ सुती साड्या आणि चार पंचे घेतले. “साड्या कशाला?” असं जावईबापूंनी विचारल्यावर “लागतील” एवढंच उत्तर मिळालं.

पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. रात्रीच घराच्या अंगणात वायर जोडून गाडीतला एसी लावून ठेवला होता. गाद्या, कपाटं, भिंती असं सगळं सामानसुद्धा उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे गाडी आधी थंड करून निघालं तर पुढचे कित्येक तास त्याचा फायदा मिळतो. चालत्या गाडीत समोरचा एसी फक्त चालकापर्यंत पोहोचतो. मागे बसलेल्यांसाठी जनरेटर लावून छतावरचा एसी चालवावा लागतो. त्याला तासाला साधारण दोन लिटर पेट्रोल लागतं आणि भाड्याच्या गाडीत जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे. पहाटे निघाल्यामुळे तो लावावाच लागला नाही.

फिनिक्सहून उत्तरेला फ्लॅगस्टाफ सुमारे २३० किलोमीटर. फिनिक्स समुद्रसपाटीपासून ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. रस्ता आधी चढतो, मग व्हर्डी नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा एका मोठ्या कड्यावर चढतो. या भागातल्या लांब चढांवर ‘इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा’ असे फलक लावलेले असतात. भर दुपारी सहा टनांची गाडी अशा चढावर नेणं म्हणजे एसी बंद, खिडक्या उघड्या आणि तोंडावर वाफा. आम्ही सकाळी साडेसहालाच पहिला चढ पार केला. खाली हात वर केलेल्या माणसांसारखे सग्वारो निवडुंग उभे होते. ते संपले, मग खुरटी झुडपं आली, आणि शेवटच्या चढानंतर एकदम उंच पाइनचं जंगल. आईने खिडकी उघडली आणि म्हणाली, “पचमढीला आल्यासारखं वाटतंय.”

याचं कारण साधं आहे. उंची १,००० मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ या चढाईत बारा-एक अंशांचा फरक पडतो, तोही वीज किंवा पेट्रोलचा खास खर्च न करता. म्हणून फिनिक्सची अर्धी माणसं शनिवार-रविवारी याच रस्त्यावर असतात. आमच्या सहलीचा नकाशाही मी किलोमीटरपेक्षा मीटर बघून आखला होता.

दुसरा मुक्काम ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर, पुन्हा २,१०० मीटरच्या आसपास. इथल्या मुख्य कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, आणि जनरेटर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या थोड्या तासांतच चालवता येतो. म्हणजे दुपारी एसी नाही. तरीही अडलं नाही. झाडांची सावली होती, दुपारी २८ अंश. एका टोकाची सावलीतली खिडकी उघडायची आणि दुसऱ्या टोकाच्या छतातल्या झरोक्याचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावायचा. गरम हवा वर जातेच, पंखा तिला ढकलतो आणि खिडकीतून गार हवा ओढली जाते. त्या पंख्याला लागणारी वीज अगदी थोडी, बॅटरीवर चालणारा तो.

काठावर उभं राहून खाली बघताना उंचीचा धडा पुन्हा दिसला. खाली कोलोरॅडो नदी सुमारे १,३०० मीटर खोल. वर आम्ही पाइनच्या सावलीत, आणि खाली नदीकाठी त्याच वेळी चाळीसच्या वर. उन्हाळ्यात एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नका, आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीच्या वाटेवर चालू नका, असं तिथले फलक बजावत असतात. उतरताना सोपं वाटतं आणि चढायची वेळ येते तेव्हा ऊन डोक्यावर असतं. बाबा तो फलक बराच वेळ वाचत उभे होते. फलकावर उन्हात कोलमडलेल्या तरण्याताठ्या गिर्यारोहकाचं चित्र होतं.

खरी परीक्षा झाली पेज या गावी. ग्लेन कॅनियन धरण बांधायला आलेल्या कामगारांसाठी १९५७ साली वसलेलं हे गाव. ग्रँड कॅनियनहून रस्ता आठशे मीटर खाली उतरतो आणि चहूकडे लाल-नारिंगी वालुकाश्म. झाड म्हणून नाही. बाबांना २१६ मीटर उंचीचं ते धरण आणि त्याचं वीजघर बघायचं होतं. १,३२० मेगावॅटची आठ जनित्रं बघून ते खूश झाले. इथे दोन रात्रींचं आरक्षण होतं, विजेच्या जोडणीसकट.

गाडी उभी करताना तोंड कोणत्या दिशेला, हा मोठाच प्रश्न असतो. माझ्या मते उन्हाळ्यात गाडीचं नाक पूर्वेला असावं. मग दुपारचं तिरकं ऊन मागच्या लहान भिंतीवर येतं, आणि दोन्ही लांब भिंती दक्षिणोत्तर होतात. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य इतका उंच असतो, की दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फार तिरकं, निसटतं पडतं. तेवढ्याला उजव्या बाजूचा ताडपत्रीचा छज्जा पुरतो. बाबा म्हणाले, “आपल्याकडे पश्चिमेला खिडकी काढताना गवंडी दहादा विचारायचा, तसंच हे.” पण कॅम्पग्राउंडमधल्या जागा आखलेल्या असतात, वीज-पाण्याच्या जोडण्या एकाच बाजूला. पेजला आमच्या वाट्याला आलेल्या जागेत गाडीचं तोंड उत्तरेला होत होतं. म्हणजे डावी लांब भिंत पूर्ण पश्चिमेला. आणि त्याच भिंतीत फ्रीज.

मोटरहोममधले बरेच फ्रीज आपल्या घरातल्यासारखे नसतात. त्यांना कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या कॉइलने अमोनियाचं द्रावण तापवून ते थंडी तयार करतात. गाडी सपाट उभी नसेल तर द्रावण नीट फिरत नाही. आणि मागच्या बाजूची उष्णता बाहेरच्या हवेत सोडावी लागते, तिथेच ऊन तळपत असेल तर फ्रीज दमतो.

दुपारी चार वाजता बाहेर ३९ अंश होते. आजूबाजूच्या साठ-सत्तर गाड्यांचे एसी एकदम चालू. आमची जोडणी ३० ॲम्पिअरची. इथली वीज १२० व्होल्टची, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. एसी १,५०० च्या घरात, पाणी तापवायचा बंब जवळपास तेवढाच, आणि मायक्रोवेव्ह लावला की खटका पडलाच. म्हणून बंब आणि फ्रीज गॅसवर टाकले होते. तेवढ्यात आमच्या जोडणीतल्या संरक्षक यंत्राने एसी बंद केला. बाबा लगेच उठून तिथे गेले. आकडा १०४ दाखवत होता. सगळ्या कॅम्पग्राउंडचा भार वाढला की व्होल्टेज पडतं, आणि कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटर जास्त करंट ओढून जळते. यंत्राने बरोबरच केलं होतं. “हे तर आपल्या लोकमान्य नगरातलं नव्वद सालचं व्होल्टेज,” बाबा म्हणाले, आणि इतक्या लांब येऊन जुना ओळखीचा भेटावा तसे हसले.

हसू फार टिकलं नाही. अर्ध्या तासात आत ३५ अंश. नातीच्या गालांवर लाली. आणि फ्रीजमधल्या छोट्या तापमापीवर १४. त्या फ्रीजमध्ये बाबांचं पुढच्या दोन महिन्यांचं इन्सुलिन होतं. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. सध्या वापरात असलेली पेनसुद्धा ३० च्या वर जाऊ देऊ नये. इन्सुलिन बिघडलं तर ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. रंग तोच, वास तोच, नुसती ताकद गेलेली. ते टोचत राहायचं आणि साखर का चढते आहे ते कळायचं नाही. परदेशात, विम्याच्या कटकटीत, सुट्टीच्या दिवशी नवीन मिळवणं सोपं नसतं. एसी बंद पडल्याचं मला काही वाटलं नव्हतं, या चौदाच्या आकड्याने मात्र पोटात गोळा आला.

नवऱ्याने गावात जाऊन बर्फाच्या दोन पिशव्या आणि बर्फाची पेटी आणली. न उघडलेलं इन्सुलिन त्यात ठेवलं, पण थेट बर्फावर नाही. गोठलेलं इन्सुलिनही फेकूनच द्यावं लागतं. म्हणून मध्ये टॉवेलची जाड घडी, डब्यात तापमापी, आणि दर तासाला आकडा बघणं. उघडलेल्या पेनची जबाबदारी आईने घेतली. पेन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती ओला पंचा आणि तो डबा गाडीच्या पूर्वेकडच्या सावलीत, वाऱ्याला. फ्रीज नसलेल्या घरांत लोक माठात डबी ठेवतात, तीच युक्ती.

तिच्या सुती साड्यांचाही उलगडा तेव्हाच झाला. एसी बंदच आहे म्हटल्यावर तिने सावलीकडच्या खिडक्या उघडायला लावल्या, साडी ओली करून पिळून खिडकीवर बाहेरून टांगली आणि छतातला पंखा चालू केला. पंखा हवा ओढतो, हवा ओल्या साडीतून आत येते. आपल्या कूलरच्या वाळ्याच्या ताटीचंच हे तत्त्व. त्या दिवशी हवेतला दमटपणा दहा टक्क्यांच्या आसपास होता. चाळीस अंश आणि दहा टक्के दमटपणा असेल तर पाण्याच्या वाफेमुळे हवा कागदोपत्री १९ अंशांपर्यंत उतरू शकते. साडी म्हणजे काही कंपनीचा कूलर नाही, पण खिडकीजवळ हात धरला तर झुळूक खरोखर गार होती. साडी वीस मिनिटांत वाळायची, आई पुन्हा भिजवायची. तासाभरात आत ३० वर आलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओली साडी आणि एसी एकाच वेळी नाही. एसी लावला तर खिडक्या बंद हव्यात, आणि ओलावा आत असेल तर एसीची निम्मी ताकद तो ओलावा काढण्यातच जाते. दुसरं, ही युक्ती कोरड्या दिवसांतलीच. जुलैत ॲरिझोनातही पावसाळी वारे येतात, त्यांना इथेही ‘मान्सून’च म्हणतात. मग मृगाचा पाऊस पडल्यावर इंदूरचे कूलर जसे नुसते चिकचिक करतात, तसंच इथे होतं.

साडेसातला सूर्य मावळला, व्होल्टेज सुधारलं, एसी सुरू झाला. डब्यातली तापमापी ६ वर स्थिर होती. पण उद्याची दुपार पुन्हा तशीच येणार होती. रात्री जेवताना बाबाच म्हणाले, “एक रात्र बुडू दे. वर जाऊ या. उन्हाची सवय मला असेल, औषधाला नाही.”

‘आता आपलं वय झालं’ हे बाबा इतक्या सहज, इन्सुलिनच्या नावावर घालून बोलून गेले, की मी नुसती मान हलवली आणि नकाशा उघडला.

पहाटे पाचला निघून आम्ही नवाहो पुलाकडे आलो. कोलोरॅडो नदीवर १९२९ साली बांधलेला जुना पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, शेजारी नवा पूल गाड्यांसाठी. पुलाच्या लोखंडी कमानीत दोन कॉन्डोर गिधाडं बसली होती, प्रचंड आणि शांत. पुढे डाव्या हाताला ओसाड माळ, उजवीकडे लालभडक कडे, आणि मग रस्ता कैबाब पठारावर चढायला लागला. अकराशे मीटरवरून चोवीसशे मीटरवर. एसी बंद, खिडक्या उघड्या. प्रत्येक वळणावर नात मोठ्याने आकडा वाचत होती, “एकोणतीस... सत्तावीस... चोवीस!” वर जेकब लेकच्या जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर नुकतीच रिकामी झालेली एक जागा मिळाली. वीज नाही, पाण्याची जोडणी नाही, फोनला रेंज नाही. चहूबाजूंना पाइन.

दुपारी २५ अंश. गाडी सपाट उभी केली, फ्रीजची भिंत झाडाच्या सावलीत आली, आणि दोन वाजेपर्यंत फ्रीज ५ वर. इन्सुलिन परत आपल्या जागी गेलं. आईने बाहेरच्या बाकावर गॅसची छोटी शेगडी मांडून खिचडी लावली. गाडीत स्वयंपाक म्हणजे आत वाफ आणि उष्णता दोन्ही, त्यामुळे सगळ्या प्रवासात कुकर बाहेरच. मात्र जूनमध्ये वणव्यांच्या भीतीने इथे लाकडाची आणि कोळशाची शेकोटी बऱ्याचदा बंद असते, तेव्हा आधी फलक वाचायचा.

रात्री झरोका उघडा ठेवून झोपलो. पहाटे गारठा ९ अंशांवर आला आणि सगळ्यांनी रजया ओढल्या. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर ते इंदूरच्या गच्चीबद्दल बोलत होते. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, गाद्या घालायच्या, आणि दहानंतर सुटणारी ती गार हवा. माळव्याच्या रात्रींची कीर्ती ‘शब-ए-मालवा’ म्हणून होती, तीही पठाराच्या उंचीचीच कृपा. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. “आपल्याला वाटायचं गच्चीमुळे गार वाटतं,” बाबा म्हणाले, “ते पठारामुळे होतं.” मी म्हटलं, “थोडं पठारामुळे, थोडं तुम्ही मारलेल्या पाण्यामुळे.”

पुढचे दोन दिवस ब्राइस कॅनियनला होतो, तेही चोवीसशे मीटरवर, जूनमध्ये सकाळी स्वेटर घालून. दगडांच्या त्या नारिंगी सुळक्यांवर कुणीतरी वेगळं लिहील. परतीच्या दिवशी फ्लॅगस्टाफला दुपार काढली, सूर्य कलल्यावर खाली उतरलो आणि रात्री नऊला घरी पोहोचलो. बाहेर ३८ अंश होते.

उन्हाळ्यात असा बेत आखणाऱ्यांनी एवढं पाहावं. मुक्काम शोधताना आधी उंची बघा, मग सावली, मग विजेची जोडणी. काही भाड्याच्या करारांत उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेण्यावर बंदी असते, ती विनाकारण नसते. पहाटे निघा, दुपारच्या आत पोहोचा. टायरची हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. तापलेल्या डांबरावर जड गाडीचे टायर फुटतात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा, आणि नुसतं पाणी नको, मीठ-साखरही पोटात जाऊ द्या. आईच्या पन्ह्याची बरणी आमच्याकडे पाचव्या दिवशी संपली. औषधांच्या डब्यात तापमापी ठेवा. शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे. आणि बरोबर सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर एखादी रात्र बुडवायची तयारी ठेवा, आरक्षणाचे पैसे गेले तरी.

आई-बाबा आता इंदूरला परतले आहेत. परवाच बाबांचा फोन आला. माळ्यावर जुन्या तापमापी सापडल्या म्हणे. एक गच्चीवर टांगली आहे, एक औषधांच्या कपाटात, आणि दुपारी दोन्हींचे आकडे वहीत लिहिणं चालू आहे. येत्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायचं की नाही, ते आता ती वही ठरवणार आहे.